निखाऱ्याला वास नसतो

बा, मागच्या आठवड्यात मी कळंबला मामांकडे जाऊन आले. तिथे मी दोन शब्द बोलून आले आहे, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण ते सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागेल, आणि आधीचं मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही. गावात अजूनही म्हणतात की तू फवारणीचं औषध घेतलंस. ती वर्षंच तशी होती. कापसाला भाव नव्हता, जिनिंगा बंद पडत होत्या, आणि आपल्या जिल्ह्यात एखादा माणूस भरदिवसा घरात मरून पडलेला सापडला की लोक कारण विचारत नसत, कारण ते त्यांच्याकडे तयारच असे. तू औषध घेतलं नव्हतंस. तू कशाने गेलास ते मला माहीत आहे, आणि माझ्याशिवाय ते दुसऱ्या कोणालाही माहीत नाही.

मी तुला 'तू' म्हणते म्हणून मोहल्ल्यातल्या बायका मला किती टोकायच्या, आठवतं? आपल्याकडे आईला अगंतुगं चालतं, बापाला नाही. एकदा विहाराच्या ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीने तुलाच सुनावलं, पोरीला वळण लाव म्हणून. तू डोक्यावरचा कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचा भारा खाली न ठेवताच म्हणालास, "म्हणू दे. तिची मायबी मीच आहो." आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते, मला तिचा चेहरा आठवत नाही. लोकांनी तुला दुसरं लग्न कर म्हणून सांगून पाहिलं. मामा तर आईचे सख्खे भाऊ, पण ते स्वतः एक स्थळ घेऊन आले होते. तू त्यांना जेवायला बसवलंस. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, लसणाची चटणी. त्यांनी तिसरी भाकर मागून घेतली तेव्हा तू तव्यावरची भाकर उलटवत म्हणालास की मग आता बायको कायले पाहिजे ते सांगा. मामा हसत हसत घरी गेले आणि ते स्थळ तिथेच मिटलं.

दिग्रसच्या जिनिंगमध्ये तुझं काम आगीवर नजर ठेवायचं. फाटकाशीच बिडी-काडीपेटी काढून ठेवायची आणि आत जायचं. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यात कापसाबरोबर एखादा खडा गेला की ठिणगी उडते आणि कापसात शिरते, हे तू मला मी पहिली-दुसरीत असतानाच समजावलं होतंस. लाकडाची आग दिसते. कापसाची दिसत नाही, ती आत आत चालत जाते आणि दोन दिवसांनी ढीग उपसला की पोटात सगळं काळं. म्हणून तू दिवसभर कापसाच्या ढिगांभोवती फिरायचास, कोपरापर्यंत हात आत घालून ऊब लागते का पाहायचास, आणि हुंगायचास. मालक म्हणे चारचौघांत म्हणाले होते, की आमची जिनिंग याच्या नाकावर उभी आहे. हे तू मला निदान दहा वेळा सांगितलं असशील, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा चेहरा करायचास. मीही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकायची. तेवढा एकच गर्व होता तुला.

घरातल्या चुलीवर तुझी तशीच पाळत. घरोघरी मातीच्या चुली असं आपण सहज म्हणून जातो, पण आपल्या चुलीसारखी चूल मोहल्ल्यात दुसरी नव्हती. सरकारी योजनेत सगळ्यांनाच निर्धूर चूल मिळाली होती, दोन तोंडांची, मागून सिमेंटचा पाइप टिनाच्या वर काढलेला. बहुतेकांनी ती दोन वर्षांत फोडून टाकली, म्हणे धूर उलटा घरात येतो. तू म्हणायचास, पाइप साफ केला नाही तर धूर बिचारा जाईल कुठे? दर पंधरवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी, तू टिनावर चढायचास, काठीला चिंध्या बांधून पाइपातून फिरवायचास, आणि मी खाली पाटी धरून बसायची. काजळी पाटीत कमी आणि माझ्या नाकाकानात जास्त. रोज सकाळी चुलीतली राख काढायची, पण तळाला बोटभर ठेवायची. भेग दिसली की त्याच दिवशी माती, शेण आणि मूठभर राख कालवून बुजवायची, उद्यावर टाकायची नाही. पऱ्हाटी चुलीत घालण्याआधी तिच्यावर राहिलेली बोंडं तोडून टाकायची, कारण वाळकं बोंड निखाऱ्यावर फुटतं आणि पेटलेला कापूस उडून अंगावर येतो. चुलीचं तोंड जळणाने गच्च भरायचं नाही, खालून वारा जायला वाट हवी. ओढणी बांधून बसायचं. या सगळ्याचा मला तेव्हा वीट यायचा. आता मी अंगणवाडी सेविका आहे, तेच नियम बायांना सांगते, आणि त्यांना माझा वीट येतो.

तू मला एकदाच मारलंस. मी नववीत होते, पऱ्हाटी पावसाने ओली झाली होती, आणि मला शाळेला उशीर होत होता. मी बाटलीतून रॉकेल ओतलं. भडका टिनाला जाऊन टेकला, माझी एक भुवई जळाली. तू परसातून धावत आलास, मला दंडाला धरून बाहेर ओढलंस, आधी नीट पाहून घेतलंस मी कुठे भाजले का, आणि मग मारलंस. "रॉकेल टाकून मसणात पेटवते, घरात नाई," एवढंच म्हणालास. त्या दिवशी तू जेवला नाहीस. आठवड्याभराने चुलीजवळ एक नवी फुंकणी दिसली. जिनिंगमधल्या मोडक्या लोखंडी नळीचा तुकडा होता, दोन्ही टोकं कानशीने घासून गुळगुळीत केलेली, तोंड लावायच्या जागी सुतळी गुंडाळलेली. आधीची फुंकणी मला लांब पडायची, ही बरोबर माझ्या हाताच्या मापाची होती. मारल्याबद्दल तू एक अक्षर बोलला नाहीस आणि मीही फुंकणीबद्दल बोलले नाही. आपल्या घरात असंच चालायचं.

मी बारावीत गेले त्या वर्षी जिनिंग दिवाळीनंतर सुरू झाली आणि दीड महिन्यात थांबली. भाव इतका पडला की कोणी गाडी भरून बाजारात न्यायलाच तयार नव्हतं. भाव येईल, भाव येईल म्हणत ज्याने त्याने कापूस घरात कोंबला. लोकांनी पुढच्या खोल्या छतापर्यंत भरल्या, पोरं कापसावर झोपायला लागली, पाहुणा आला तर त्याला बसायला दारातच बाज टाकायची. मामा तेव्हा गावातच होते, त्यांच्या घरी खोल्या दोन आणि लेकरं चार. आपण दोघंच. त्यांनी कापूस ठेवू का विचारलं आणि तू हो म्हणालास, आईच्या भावाला तू त्या स्थळाशिवाय कशालाच नाही म्हणाला नव्हतास. दोन दिवसांत आपली पुढची खोली टिनापर्यंत भरली आणि आपण दोघं मागच्या खोलीत, चुलीपाशी येऊन राहिलो. ये-जा परसातल्या दाराने.

मामांना तू एकच अट घातलीस, की कापूस आहे तोवर या घरात चूल पेटणार नाही. मोहल्ल्यातली सगळ्यात चांगली चूल तू थंड ठेवलीस आणि परसात तीन दगडांवर स्वयंपाक करायला लागलास. लोक तुला हसले. मग तू घराच्या फटींमागे लागलास. शेजाऱ्यांची टिनं आपल्या टिनांना लागून, त्यांच्या चुलींच्या ठिणग्या वाऱ्यावर येतात, म्हणून तू आपल्या पाइपाचं तोंड वरून चिखलाने बंद केलंस. टिन आणि भिंत यांच्यातली फट लिंपून काढलीस. मधल्या दाराला फळी नव्हती, तिथे दोन पोती शिवून लावलीस आणि ती रोज ओली करायचास. मामांनी फवारणीचं उरलेलं औषधही आपल्याकडे आणून ठेवलं, त्यांची लेकरं लहान म्हणून. अर्धा डबा होता. तो तू मागच्या खोलीतल्या कोनाड्यात उंचावर ठेवलास. त्याचं झाकण नीट बसत नव्हतं, खोलीत कायम तो उग्र वास. एवढं सगळं बंद केल्यावर चुलीवरचा झरोका तेवढा राहिला. मी म्हटलं, तोही बुजव, थंडी येते. तू म्हणालास, "तो राहू दे. कुठं जळून राह्यलं तं मले वास तं आला पाह्यजे." हे तू मला अगदी स्पष्ट सांगितलं होतंस, बा. मी ऐकलं नव्हतं असं नाही.

जानेवारीत तुला ताप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी अंग तापलेलं नव्हतं पण हुडहुडी थांबेना, दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मला दिग्रसला कॉलेजात जायचं होतं, प्रॅक्टिकल होतं. मी जात नाही म्हटलं तर तू रागावलास. मग मी परसातल्या चुलीतले निखारे घमेल्यात भरले. तुला ते पटत नव्हतं, कापसाच्या घरात आग आणायची म्हणजे तुझ्या जन्माच्या शिस्तीविरुद्ध, पण थंडीने तुझं काही चालेना. बाजेवर पडल्या पडल्या तू एकेक सांगत गेलास. अर्धवट जळालेलं लाकूड घेऊ नको, नुसते बाभळीचे लाल निखारे घे, धूर निघायला नको. वर राख पसर म्हणजे ठिणगी उडणार नाही. मधल्या दारापासून लांब ठेव. पोती ओली कर. पाण्याची बादली हाताशी ठेव. मी सगळं केलं. तू घमेल्यावर हात धरलास, वाकून हुंगलंस, आणि म्हणालास, "आता शांत झाला. जाय तू, गाडी जाईन." तुझं सगळं आयुष्य वासावर चाललं होतं. ज्याला वास येत नाही अशा गोष्टीची तुला भीतीच नव्हती. मग मला तरी कुठून असणार, मला जे येत होतं ते तुझ्याकडूनच आलेलं.

तुझा डोळा लागला. झरोक्यातून वारा सरळ तुझ्या बाजेवर येत होता, गोधडीची कड हलत होती. मी एक रिकामं पोतं घडी करून झरोक्यात बसवलं. चारही कोपरे दाबून, नीट, कारण अर्धवट काम तुला आवडायचं नाही. परसातलं दार ओढून घेतलं. तुला उठवून विचारलं नाही, कारण तू नाहीच म्हणाला असतास.

दुपारच्या गाडीने मी परत आले. दार ढकललं तर आत अंधार आणि उबारा. तुला हाक मारली, तू ओ दिली नाहीस. तू माझ्याकडून घोकून घेतलेलं होतं, की कापसाच्या घरात काहीही वेगळं दिसलं तर आधी आग बाहेर काढायची, मग बाकीचं. माझे हातपाय आपोआप तसेच चालले. मी झरोक्यातलं पोतं ओढून काढलं, म्हणजे दिसेल. घमेलं उचललं, परसात नेऊन ओतलं, त्यावर बादली रिकामी केली. आणि मग तुझ्यापाशी आले. तुझ्या गालांवर लाली होती. तापाने पिवळा पडलेला तुझा चेहरा चांगला दिसत होता, मला वाटलं आराम पडला, झोप लागली. मी तुझा हात हातात घेतला तेव्हा मला कळलं.

माझा आवाज ऐकून लोक आले. त्यांना काय दिसलं? काम सुटलेला माणूस, पुढच्या खोलीत न विकलेला कापूस, आणि कोनाड्यात सैल झाकणाचा अर्धा रिकामा डबा. डब्याचा वास तर रोजचाच होता, पण त्या दिवशी प्रत्येकाला तो नव्याने आला. मामा शेतातून धावत आले, त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं, आणि जागेवरच खाली बसले. पोलीस पाटलांनी मला विचारलं, घरात चूल पेटली होती का. मी नाही म्हटलं. ते खरंच होतं, आपली चूल बाहेरच होती. घमेल्याचं मी बोलले नाही. मला फक्त एवढीच भीती वाटली, की मामा म्हणतील, माझ्या कापसापाशी निखारे ठेवले. बाप समोर पडलेला, आणि पोरीला बोलणी बसण्याची भीती. सतरा वर्षांची अक्कल ती.

तुला दवाखान्यात नेलं, तपासणीला काही पाठवलं, कागद नंतर मिळेल म्हणाले. तो आणायला कोणी गेलं नाही, कारण त्यात काय लिहिलेलं असणार हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. शहरातून माणसं आली, त्यांनी मला कापसाच्या ढिगासमोर उभं करून फोटो काढला. तुझ्या नावावर सातबारा नव्हता म्हणून तू कुठल्या यादीत बसला नाहीस, लोकांच्या तोंडात मात्र बसलास. कोणी शंका काढली तर दुसरा म्हणायचा, आगीशिवाय धूर निघत नाही. तिसऱ्या दिवशी मला परसात टोपली दिसली. आजारी पडायच्या आदल्या दिवशी तू त्यात माती चाळून भिजू घातली होतीस, बाजूला राख काढून ठेवली होतीस, तीन दगडांच्या जागी परसात एक बरी चूल घालायची म्हणून. मी मामींना ती दाखवली. म्हटलं, ज्याला जायचं असतं तो माती कशाला भिजवेल? मामींनी मला जवळ घेतलं आणि त्या जास्तच रडायला लागल्या. मग मी कोणाला ती दाखवली नाही.

आणि हळूहळू मीही तेच मानायला लागले. हे तुला वाईट वाटेल, पण लिहिते. माझं मत कोणी विचारत नव्हतं, सगळं गाव एकच गोष्ट बोलत होतं, आणि निखाऱ्याने माणूस मरतो हे मला कुठे ठाऊक होतं? मी म्हणायची, बानं मला कॉलेजात पाठवलं ते यासाठीच. 'जाय तू' म्हणाला ते यासाठीच. पाच-सहा वर्षं मी तुझ्यावर मनातल्या मनात इतकी चिडलेली होते की लग्नात तुझी आठवण काढून सगळे रडले आणि मी रडले नाही. बापाच्या जागी मामा उभे राहिले. लोक म्हणाले, पोरगी दगडाची आहे.

मग अंगणवाडीचं काम लागलं आणि यवतमाळला प्रशिक्षण होतं. धूर, चूल, लेकरांचा खोकला असं सगळं चाललं होतं, मला अर्ध्याहून जास्त पाठच होतं. शिकवणाऱ्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, की धुराला माणूस घाबरतो, पण धूर नसलेली शेगडी जास्त वाईट. बंद खोलीत निखारे ठेवले की त्यातून निघणारी हवा माणसाला झोपेतच नेते. तिला रंग नाही, वास नाही. एखाद्याच्या चेहऱ्यावर तर उलट लाली येते, घरच्यांना वाटतं झोपला आहे. मी उठून पाणी प्यायला बाहेर गेले. आणि बा, खरं सांगते, आधी मला आनंद झाला. व्हरांड्यात भिंतीला टेकून मी किती तरी वर्षांनी तुझ्यासाठी रडले. तू मला सोडून गेला नव्हतास. तू संध्याकाळी उठणार होतास, माती मळणार होतास. ते सगळं खरं होतं. पाण्याचा पेला अर्धा झाला असेल, तेव्हा मला झरोका आठवला. मी दाबून बसवलेले चार कोपरे आठवले.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तेव्हा थोरला पोटात होता, मग धाकटी झाली, मग सासू अंथरुणाला खिळली. निमित्तांना काय तोटा. आता घरोघरी सिलिंडर आलं आहे, तरी बाया पाणी तापवायला, भाकरी करायला चूल पेटवतातच, आणि थंडीत घमेल्यात निखारे घेऊन खोली बंद करून बसतात. मी दर हिवाळ्यात दारोदार जाऊन सांगते. झरोका उघडा ठेवा, दाराला फट ठेवा, झोपायच्या आधी घमेलं बाहेर काढा. कोणी हसलं तर म्हणते, एका गावात एक माणूस असाच गेला. कोणत्या गावात, असं एकदा एका सुनेने विचारलं. मी म्हटलं, तिकडे मुकुटबनकडे. जिथे मी कधी पाऊलही ठेवलेलं नाही. माझ्या थोरल्याने शाळेतून येऊन विचारलं होतं, आजोबांनी कापसापायी केलं ना? मी त्याला म्हटलं, आधी जेव.

हे सगळं माझ्यापुरतं असतं तर मी गिळून राहिले असते. पण मामा आहेत. त्या दिवसापासून त्यांनी तो डबा स्वतःच्या मानेवर घेतला. कापूस मिळेल त्या भावात काढून टाकला, पुढच्या हंगामात शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर दिलं आणि परत कधी हातात फवारणीचा पंप धरला नाही. माझं लग्न होईपर्यंत आपल्या घरी यायचे, पण त्या मागच्या खोलीत कधी आले नाहीत, परसातच बसायचे. नंतर मुलाकडे कळंबला राहायला गेले. दर भेटीत एकदा तरी त्यांच्या तोंडून निघायचं, की मी तो डबा तुमच्या घरी ठेवायला नको होता. मी विषय बदलायची. वीस वर्षं एक माणूस माझं ओझं वाहतो आहे, आणि मी त्याला चहा करून देते आहे.

मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, की ते खात नाहीत, सारखं माझं नाव काढतात, मी येऊन जावं. दिग्रसहून यवतमाळ, यवतमाळहून कळंब, दोन्ही गाड्यांत मी एकच गोष्ट घोकत होते. मामा, डब्याने काही झालं नाही, निखारे होते, आणि झरोका मी बुजवला. एवढंच. मामा अंगणात उन्हाला बाजेवर बसले होते, अगदी पोतेऱ्यासारखे झालेले. त्यांनी सुनेला आत जायला सांगितलं. माझा हात धरला आणि म्हणाले, "पोरी, तो डबा म्या तुमच्या घरी ठेवलाच कायले? माह्या लेकरायले जपलं अन् तुह्या बापाले मारलं. आता जायाच्या आधी सांग, तू मले माफ केलं का नाई?"

माझ्या तोंडात शब्द आलेले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, या वयात यांना हे सांगितलं तर यांची वीस वर्षं फुकट गेली असं होईल. मला वाटलं, हे सगळ्यांना सांगतील. मला वाटलं, माझा थोरला माझ्याकडे कसा पाहील. यातलं आधी काय वाटलं ते मला आता नीट सांगता येत नाही, आणि मामांची दया आधी आली असं म्हणायला मला आवडेल. मी म्हटलं, "केलं, मामा. कवाचंच केलं." ते रडायला लागले. आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतात, तो रिवाजच आहे, तसे ते बाजेवरून कसेबसे वाकले आणि माझे पाय धरले. मी पाय मागे घेतले नाहीत.

काल त्यांच्या मुलाचा पुन्हा फोन आला. मामा दोन घास खायला लागले आहेत, झोप लागते, मी येऊन गेल्यापासून माझंच गुणगान चाललं आहे म्हणाला. आता मी तिथे जाऊन काय सांगू? त्यांना माफ केलं म्हणजे मी पुन्हा एकदा, या वेळी सगळं माहीत असताना, सांगून आले की तू औषध घेतलंस. पहिल्यांदा मी गप्प होते, या वेळी बोलले. तुझ्याकडे हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि ज्यांचा पत्ता आहे त्यांना पाठवायची माझी छाती नाही. पोरं शाळेतून यायच्या आत घडी करून ठेवून देईन.

एक राहिलंच. मामा पायाशी वाकून रडत होते ना, तेव्हा बा, क्षणभर मला अगदी खरंच वाटलं, की चूक त्यांचीच होती.